संस्थेचं वीजबिल कोण भरतं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेत, वाचनालयात किंवा धर्मादाय दवाखान्यात गेलं की भिंती वाचत बसावं. दाराशी संगमरवरी पाटी असते. लोखंडी कपाटावर कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' अशी पिवळ्या रंगातली अक्षरं असतात, आणि बाकावर, पाण्याच्या टाकीवर, कधी तर छताच्या पंख्यावरही नाव रंगवलेलं असतं. पण तो पंखा फिरवणारी वीज कुणाच्या नावाने आली, याची पाटी कुठेच दिसत नाही. हिशेबनीसाचा पगार, ऑडिटरची फी, जीपचं डिझेल, छपराची गळती या गोष्टी कुणाच्या स्मरणार्थ होत नाहीत. संस्था मात्र बहुतेक वेळा अशाच खर्चांपायी मोडकळीला येतात.

मराठी समाजाला संस्था काढण्याची हौस मोठी. ती चालवायची कशी आणि पैसा आणायचा कुठून, याचा अनुभवही इथे सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. आज संस्थांच्या बैठकांमध्ये 'फंडरेझिंग' हा शब्द जितक्या गांभीर्याने उच्चारला जातो, तितक्याच गांभीर्याने धोंडो केशव कर्वे पुण्यात वर्गणी गोळा करत होते.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. विधवांना शिकवायचं, हे काम त्या काळी देणगी मागायला अत्यंत गैरसोयीचं होतं. मंदिराच्या कळसासाठी मागितलं तर लोक देतात. ज्यांचं तोंड पाहणं अशुभ मानलं जातं त्यांच्या शिक्षणासाठी मागितलं तर दार बंद होतं. १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याला हलला, तो रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर. सुरुवात झाली झोपडीपासून. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि हिंगणे ते पुणे रोज पायी ये-जा करायचे. सुट्ट्या मात्र दौऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत.

त्यांना फर्डं वक्तृत्व नव्हतं. त्यांची शिस्त सरळ होती: मोठ्या असामीची वाट न पाहता अनेकांकडे थोडंथोडं मागायचं, पै-पैचा हिशेब ठेवायचा आणि तो लोकांपुढे मांडायचा. आपल्या मूळ गावासाठी, मुरुडसाठी, त्यांनी आधीच असा एक फंड काढला होता. गावच्या कमावत्या माणसांनी मिळकतीतला ठरावीक हिस्सा गावाच्या कामाला द्यावा, अशी त्याची कल्पना. एकदा मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा नियमाने येणाऱ्या लहान रकमेवर त्यांचा भरवसा अधिक होता.

आणि तरीही मोठी देणगी आलीच. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आजचं 'एसएनडीटी' झालं. या देणगीची रचना बघण्यासारखी आहे. पंधरा लाख रोख हाती पडले नव्हते. त्या रकमेवर साडेतीन टक्क्यांनी होणारं व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये, विद्यापीठाला मिळायचे होते. मुद्दलाला हात न लावता दरवर्षी चालू खर्चाची सोय! आज ज्याला 'कॉर्पस' म्हणतात त्या कायम निधीमागचा विचार हाच. पण पैसा असा एकाच घराकडून येतो तेव्हा संस्थेचं नाव बदलतं आणि तिच्या निर्णयांत आणखी एक आवाज मिसळतो. पुढे १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालयही पुणं सोडून मुंबईला आलं. एवढ्या देणगीनंतरही कर्व्यांचं मागणं थांबलं नाहीच. १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका असा विद्यापीठाच्या प्रचाराचा आणि निधीचा दौरा करायला बाहेर पडले.

कर्वे फर्ग्युसनमध्ये आले त्याच्या आदल्याच वर्षी तिथे एक भांडण होऊन गेलं होतं. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं आहे. फर्ग्युसन चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली ती आजीव सदस्यांच्या जोरावर. तुटपुंज्या पगारावर आयुष्याची उमेदीची वर्षं संस्थेला द्यायची, हा करार. काही वर्षांतच प्रश्न उभा राहिला: सदस्याने बाहेर लिहून, शिकवून चार पैसे मिळवले तर ते कुणाचे? टिळकांचं म्हणणं कडक होतं. माणूस पूर्ण वेळ संस्थेचा, तेव्हा बाहेरची मिळकतही संस्थेचीच. आगरकर आणि इतरांना संसाराची तोंडमिळवणी दिसत होती. वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. या प्रकरणाकडे सहसा दोन मोठ्या माणसांचा स्वभावसंघर्ष म्हणून पाहिलं जातं. त्यात एक रोकडा व्यवस्थापकीय प्रश्नही होता, आणि तो आजही सुटलेला नाही: सामाजिक काम करणाऱ्याने किती पगार घ्यावा? कार्यकर्त्याच्या अंगावर बरा शर्ट दिसला की देणगीदाराच्या कपाळावर आठी उमटते, ती तेव्हापासूनची. टिळकांची बाजू तत्त्वाला धरून होती यात शंका नाही. पण केवळ त्यागाच्या हिशेबावर संस्था बेतली की दुसऱ्या पिढीत माणसं मिळत नाहीत, हे नंतर अनेक ठिकाणी दिसलं.

त्याच संस्थेत गोपाळ कृष्ण गोखले कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्ट्यांमध्ये गावोगाव पैसे मागत हिंडत होते, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढे अर्थसंकल्पावरची त्यांची भाषणं गाजली. आकड्यांशी त्यांची गाठ पडली होती ती मात्र वर्गणीच्या पावत्यांपासून.

थेंबाथेंबाने निधी उभारण्याच्या दोन मराठी कल्पना विशेष. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून फक्त एक पैसा मागणारा 'पैसा फंड' काढला. टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. दुसरी कल्पना साताऱ्याकडची. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा केलं. दळणापूर्वी एक मूठ वेगळी काढून ठेवायची, एवढंच बाईने करायचं. तेवढ्यानेही भागेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडलं. ही गोष्ट सांगताना गळा दाटून येतो, पण हिशेबाच्या वहीत तिचा अर्थ एवढाच की चालू खर्चाला निधी नव्हता आणि तो संस्थापकाच्या घराने भरला. आजही असंख्य छोट्या संस्थांमध्ये हेच चालतं, फक्त मंगळसूत्राच्या जागी भविष्यनिर्वाह निधी किंवा क्रेडिट कार्ड असतं.

आता कायद्याकडे. महाराष्ट्रात संस्था काढणाऱ्याची पहिली गाठ धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी पडते. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अशी इथली दुहेरी चौकट आहे. विश्वस्त बदलला, वारला, कंटाळून निघून गेला की 'बदल अर्ज' दाखल करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत कागदावर जुनीच मंडळी राहतात. मग नवा अध्यक्ष बँकेत सही करायला जातो आणि हात हलवत परत येतो. दोन गटांचं भांडण असेल तर हे प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं आणि तेवढा काळ देणगीदार चार हात लांब राहतात. सार्वजनिक गणेशमंडळांनाही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते, ती विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली. पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या किती पोरांना ते ठाऊक असतं, हा भाग वेगळा.

नंतर आयकर. उत्पन्न करमुक्त हवं तर नोंदणी हवी, आणि २०२१ पासून ती कायमची न राहता मुदतीने नवी करून घ्यावी लागते. वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवा. सहज बाजूला ठेवता येतात ते उरलेले १५ टक्के. हेतू चांगला आहे: लोकांनी कामासाठी दिलेला पैसा तिजोरीत पडून राहू नये. पण कोविडसारखं संकट येतं तेव्हा गंगाजळी नसलेल्या संस्थेची काय गत होते, हे २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. देणगीदाराला '८०जी' या नावाने तोंडी बसलेली करसवलत मिळते, मात्र दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. शिवाय ही सवलत जुन्या करप्रणालीतली. नव्या प्रणालीत गेलेल्या पगारदाराला तिचा उपयोग नाही. मार्चअखेर 'पावती मिळेल ना?' म्हणून येणारे फोन त्यामुळे आटले, तर संस्थांनी नवल मानू नये.

परदेशी पैशाचे नियम याहून कडक. २०२० च्या दुरुस्तीने अशा निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. एका संस्थेने आपला परदेशी निधी दुसरीला देण्यावर बंदी आली आणि पैसे येण्यासाठी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच खातं हवं असं ठरलं. शहरातल्या मोठ्या संस्थेच्या हातून आडगावातल्या छोट्या संस्थेपर्यंत जो पैसा पाझरायचा, तो निधी पुढे देण्यावरच्या या बंदीने थांबला.

उरली कंपन्यांची सीएसआर. एक एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. निव्वळ नफा पाच कोटींचा असला तरी कंपनी या कक्षेत येते. पैसा आला, मोठ्या प्रमाणावर आला. पण तो बहुधा एका वर्षाच्या प्रकल्पाचा, कारखान्याच्या आसपासच्या गावांसाठीचा आणि फोटो काढता येईल अशा वस्तूंचा. डिजिटल वर्गाला पैसे मिळतात, तो चालवणाऱ्या ताईच्या तिसऱ्या वर्षाच्या मानधनाला मिळत नाहीत. त्यात एक गैरसमज भर घालतो. नियमांमध्ये प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला. कित्येक ठिकाणी तीच पट्टी संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावली जाते. मग संस्था काय करतात? लेखापालाला 'प्रकल्प समन्वयक' म्हणून दाखवतात आणि कार्यालयाचं भाडं 'प्रशिक्षण केंद्रा'त घालतात. प्रामाणिक माणसांना अशी कागदी कसरत करायला लावणं, हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत वाईट भाग आहे.

तगून राहिलेल्या संस्थांनी आपापली वाट काढली. बाबा आमट्यांनी आनंदवनात भिक्षेऐवजी श्रमावर भर दिला. सुरुवातीला कुष्ठरुग्णांनी पिकवलेला भाजीपाला विकत घ्यायला लोक धजत नव्हते, तरी तो बाजारात नेला. सिंधुताई सपकाळ गावोगाव भाषणं करायच्या आणि शेवटी पदर पसरायच्या. त्यांनी सांभाळलेल्या अनाथ लेकरांचं जेवण त्या भाषणांवर चालायचं. रिपन कपूर या विमान कर्मचाऱ्याने १९७९ मध्ये मुंबईत सहा मित्रांसह पन्नास रुपयांवर 'क्राय' सुरू केली आणि तिला हात दिला शुभेच्छापत्रांनी. कार्ड विकत घेणाऱ्याला आपण दान करतोय असं वाटायचंही नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची एक लाखाची देणगी होती. परदेशातल्या मराठी माणसांनी अमेरिकेत १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन करून इकडच्या कामांना पैसा पाठवला.

आणि एक उदाहरण वृत्तपत्राचं. 'लोकसत्ता'ने २०११ पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम चालवला. दहा दिवसांत दहा संस्थांची सविस्तर ओळख छापायची आणि वाचकांनी थेट संस्थेच्या नावाने धनादेश पाठवायचे. यातली खरी किमया बातमीची नसून विश्वासाची आहे. शहरातल्या निवृत्त शिक्षिकेला मेळघाटातली संस्था तपासायला जाणं शक्य नसतं. कुणीतरी जाऊन, पाहून, हिशेब विचारून आलेलं आहे, एवढं तिला पुरतं. अशा देणगीला बहुधा अटीही नसतात. धनादेशामागे 'फक्त संगणकासाठी' असं कुणी लिहीत नाही, म्हणून संस्था त्यातून छप्परही शाकारू शकते आणि थकलेली बिलंही चुकती करू शकते.

यातली सर्वांत नवी वाट शेअर बाजारातून जाते. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झालेला सोशल स्टॉक एक्स्चेंज आता प्रत्यक्षात आला आहे. तिथे विकले जातात ते 'शून्य व्याज, शून्य मुद्दल' रोखे. नावातच सगळं आलं: गुंतवणूकदाराला व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही, तरी कागद बाजाराच्या शिस्तीचा. बंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनने डिसेंबर २०२३ मध्ये असे पहिले रोखे आणले. सुरुवातीला यात भाग घ्यायला दोन लाख रुपये लागत. सेबीने ती मर्यादा आधी दहा हजारांवर आणि २०२५ मध्ये एक हजारावर आणली. बदल्यात संस्थेने दरवर्षी आपल्या कामाचा परिणाम मोजून तो जाहीर करायचा. ते मोजायला माहिती गोळा करणारी, तक्ते भरणारी आणि अहवाल लिहिणारी माणसं लागतात. जिथे चार कार्यकर्त्यांत एकच संगणक आहे, तिथे ही माणसं आधी कुणाच्या पैशातून नेमायची, यावर संस्थांच्या बैठकांमध्ये सध्या चर्चा झडताहेत.