माया जेड अलंकार

मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वातेमाला व बेलीझ या प्रदेशांतील प्राचीन माया लोकांनी जेड या हिरव्या पाषाणात कोरलेले अलंकार. माळा, कर्णभूषणे, पदके, मुखवटे हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. हे जेड म्हणजे जेडाइट हे खनिज असून ते ग्वातेमालातील मोताग्वा नदीच्या खोऱ्यातून मिळे. त्याचे काठिण्य ६·५ ते ७ असते. माया कारागिरांजवळ धातूची हत्यारे नव्हती. ओल्या वाळूसारखे अपघर्षक व दोरी यांच्या साहाय्याने ते दगड कापीत आणि पोकळ नळीने भोके पाडीत.

तथापि जेडचे मोल केवळ श्रमावर किंवा दुर्मिळतेवर ठरत नसे. माया भाषेतील ‘याश’ या शब्दाचा अर्थ हिरवा-निळा, तसाच ‘पहिला’ असाही होतो. हिरवा रंग मक्याच्या कोवळ्या पानांचा व पाण्याचा. म्हणून मक्याचा देव जेडने मढलेला दाखवीत. याहून महत्त्वाची कल्पना श्वासाची होय. कर्णभूषणे फुलाच्या आकाराची असत व त्यांतून श्वास बाहेर पडताना शिल्पांत दिसतो. बेलीझमधील निम ली पुनित येथे २०१५ मध्ये सापडलेले १८·८ सेंमी. रुंदीचे पदक तर वारा व श्वास यांचे द्योतक असलेल्या ‘इक’ या चिन्हाच्याच, म्हणजे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या, आकाराचे असून त्याच्या मागील बाजूस लेख कोरलेला आहे.

मृताच्या मुखात जेडचा मणी ठेवण्याची चाल याच कल्पनेशी निगडित दिसते. पालेंकेचा राजा पाकाल (मृत्यू इ. स. ६८३) याची कबर आल्बेर्तो रूस लुइयेर यांना १९५२ मध्ये आढळली. राजाच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा, मुखात मणी, एका हातात जेडचा घन व दुसऱ्यात गोल होता. सोळाव्या शतकात बिशप दिएगो दे लांदा याने मृतांच्या मुखात दळलेला मका व चलन म्हणून वापरावयाचे खडे घालीत, असे नमूद केले आहे. त्याने त्यांत परलोकीची शिदोरी पाहिली. श्वासाचा अर्थ त्याच्या ध्यानी आला नसावा.

चिचेन इत्झा येथील पवित्र कुंडातून विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड टॉम्सन याने काढलेले बरेच नग मुद्दाम फोडून टाकलेले होते. वस्तूतील प्राण मोकळा करून ती देवास अर्पण करण्याचा हा विधी असावा. त्या नगांपैकी एकावर दूरच्या पिएद्रास नेग्रास येथील राजाचे नाव आहे. यावरून असे अलंकार पिढ्यान्‌पिढ्या जपले जात व हस्तांतरित होत, हे कळते. चोरट्या उत्खननांतून बाजारात आलेल्या नगांबाबत मात्र असे काही सांगता येत नाही. कारण ते कोणाच्या मुखात होते की कुंडात, हेच ज्ञात नसते.