शिपाई छावणींत, घर कोणावर?

कर्ता पुरुष चार दिवस परगांवीं गेला तरी एकत्र कुटुंबाचा गाडा अडत नाहीं. मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचें औषध, बाजारहाट हीं कामें कोणी ना कोणी उचलतेंच. परंतु ज्या घरांत नवरा, बायको व दोन मुलें एवढींच माणसें आहेत आणि नवऱ्यास सरकारी हुकमानें तीन तीन आठवडे कवाईतीस जावें लागतें, त्या घरानें काय करावें? स्वित्झर्लंडमध्यें हा प्रश्न घरोघरचा आहे. त्या लहानशा राष्ट्रानें तो कसा सोडविला हें जाणून घेण्यासारखें आहे.

त्या देशाचें सैन्य मुख्यतः नागरिकांचेंच आहे. धडधाकट तरुणास लष्करी सेवेचें बंधन आहे; स्त्रियांना ती ऐच्छिक आहे. सध्यांच्या नियमाप्रमाणें साधा शिपाई प्रथम १८ आठवडे शिक्षण घेतो व पुढें १९ दिवसांच्या सहा उजळण्या करतो. बँकेंतला कारकून, शाळेंतला मास्तर, सुतार, शेतकरी, सारे हातांतलें काम ठेवून गणवेष चढवितात.

घराशीं त्यांचा धागा जोडून ठेवी ती कपड्यांची पिशवी. शिपायानें मळके कपडे तींत घालून टपालानें घरीं पाठवावे. आईनें किंवा पत्नीनें ते धुवून, मध्यें थोडा खाऊ ठेवून परत धाडावे, अशी तेथील जुनी रीत. शिपायाच्या पांच किलोपर्यंतच्या पार्सलास टपालहंशील पडत नाहीं.

पण पिशवींतल्या खाऊनें घरभाडें भागत नाहीं, हें त्या राष्ट्रास कटु अनुभवानेंच कळलें. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां देश तटस्थ होता. तरी सरहद्द राखण्यास सुमारें २,२०,००० माणसें बोलावली गेलीं. युद्धकाळांत एकेका शिपायाचे सरासरी ५०० दिवस सेवेंत गेले. लष्करी भत्ता तुटपुंजा, बुडालेल्या पगाराची भरपाई नाहीं, आणि महागाई तर रोज वाढणारी! नोव्हेंबर १९१८ मध्यें सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं सार्वत्रिक संप केला. त्यामागील असंतोषांत या घरांच्या हालांचाही वांटा होता.

दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें ती चूक टाळली. १ फेब्रुवारी १९४० पासून मालक व नोकर दोघांनींही पगाराचा हिस्सा एका निधींत घालावा, सरकारनें भर टाकावी व त्यांतून शिपायाच्या बुडालेल्या पगाराची भरपाई व्हावी, अशी व्यवस्था झाली. हीच घडी पुढें १९४८ च्या वार्धक्यविम्यास उपयोगी पडली.

आज पगाराच्या शेंकडा अर्धा टक्का या निधींत जातो; निम्मा मालकाचा, निम्मा नोकराचा. सेवेच्या दिवसांत ठराविक मर्यादेंत शेंकडा ८० उत्पन्न मिळतें. मुलांसाठीं निराळा भत्ता आहे. इतकेंच नव्हे, तर सोळा वर्षांखालील मुलांना सांभाळण्याचा जादा खर्च आला तर तोही मर्यादेंत भरून मिळतो. सेवा चालू असतां मालकास नोकरावरून काढतां येत नाहीं. पुढें याच निधींतून १ जुलै २००५ पासून नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बाळंतिणीस चौदा आठवडे, आणि २०२१ पासून नव्या पित्यास दोन आठवडे भत्ता मिळूं लागला. शिपायाच्या गैरहजेरीसाठीं उभारलेला निधि पाळण्याच्याही कामीं आला!

आपल्याकडे प्रादेशिक सेनेचें उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांनीं केलें. ही सेवा ऐच्छिक असून पुणें व कोल्हापूर येथें तिच्या पलटणी आहेत. सेवा संपल्यावर माणसास पूर्वीच्या नोकरींत घेण्याचें बंधन कायद्यानें मालकावर घातलें आहे. मात्र घर सांभाळण्याचा भार बहुधा घरच्याच माणसांवर पडतो. जावेनें मूल सांभाळलें, सासूनें स्वयंपाक पाहिला, म्हणजे तें काम फुकटांत झालें असें आपण सहज समजतों. स्विस लोकांनीं त्या कामाचा हिशेब मांडला, आणि मागें राहून घर राखणें हीही राष्ट्राची चाकरीच आहे हें मान्य केलें. आपल्या घरांतून कोणी कवाईतीस निघाला, तर त्याला ओंवाळतांना मागें राहणारीच्या कामाचाही विचार व्हावा, आणि तो तिला विचारून व्हावा.