सपाटीवर सुसाट, बोरघाटात धापा : गाडीचं फ्युएल प्रेशर कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

तळेगाव, वडगाव, कामशेतच्या सपाट रस्त्यावर गाडी मस्त पळते. पण मुंबईहून परत येताना खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं, की पिकअप जातो. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी धक्केच देते. लोणावळ्याला चहा पिऊन निघालात, की पुन्हा ठणठणीत! मग गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, "पंप गेला, बदलून टाका." खर्च काही हजारांचा, आणि दोष भलतीकडेच असला तर तो पाण्यात.

घाटातच असं का होतं?

खोपोली ते लोणावळा हा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. चढावर इंजिनला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल लागतं. टाकीतला इलेक्ट्रिक पंप ते फिल्टरमधून इंजेक्टरपर्यंत ढकलतो आणि रेग्युलेटर प्रेशर ठरलेल्या पातळीवर ठेवतो. बऱ्याच साध्या एमपीएफआय गाड्यांत ते ३ ते ४ बार असतं. पंप थकला किंवा फिल्टर तुंबला, तरी सपाटीवर भागून जातं. घाटात मात्र पितळ उघडं पडतं.

मग तपासायचं कसं?

आधी फुकटातल्या गोष्टी. टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा. अगदी कमी असेल तर चढावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढू शकतो. मग चावी ऑन करा. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घूं आवाज येतो. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि वायरिंग. पण आवाज आला म्हणजे प्रेशरही पुरेसं आहे, असं नाही.

खरं उत्तर देतो प्रेशर गेज. मेकॅनिककडून तीन वेळा रीडिंग घ्या आणि ते कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा :

१. चावी ऑन किंवा इंजिन आयडलवर असताना : प्रेशर कमी असेल तर पंप, फिल्टर, रेग्युलेटर किंवा पंपाला मिळणारं व्होल्टेज. जास्त असेल तर रेग्युलेटर किंवा रिटर्न लाइन.

२. इंजिनवर लोड असताना : आयडलला बरोबर आणि लोडवर घसरतंय? संशय तुंबलेल्या फिल्टरवर, जाळीवर किंवा थकलेल्या पंपावर. घाटातल्या तक्रारीत हेच रीडिंग सगळ्यात महत्त्वाचं.

३. इंजिन बंद केल्यावर : प्रेशर झपकन उतरत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा इंजेक्टर गळतोय. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, त्याचं हे एक कारण.

स्कॅनरवर पी०१७१ कोड आला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय एवढंच कळतं. कुठून तरी हवा शिरली किंवा एअरफ्लो सेन्सर मळला, तरी हाच कोड येतो. आणि तिन्ही रीडिंग बरोबर असतील, तर पंपाला हात न लावता इग्निशन कॉइल, प्लग, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासा.

हे घरी करायचं का?

फ्यूज बघा, आवाज ऐका, तिथेच थांबा. लाइनमध्ये प्रेशरखालचं पेट्रोल असतं. गरम इंजिनवर ते उडालं तर आग लागू शकते. डिझेल कॉमन रेलमध्ये तर हजारभर बारपेक्षाही जास्त प्रेशर असतं, धार कातडीतून आत शिरते.

आणि घाटातच गाडी बंद पडली तर? हॅझार्ड लाइट लावा, गाडी डाव्या कडेला घ्या, सगळ्यांना उतरवून बॅरियरपलीकडे सुरक्षित जागी उभं करा. बॉनेट नंतरही उघडता येईल.