दोष एकट्या आईचा नव्हे

रिपोर्टावर ‘मायटोकॉन्ड्रियाचा आजार’ छापून आलं की घरातल्या नजरा बाळाच्या आईकडे वळतात. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट बघत मोबाइलवर शोधलं, तरी तेच वाचायला मिळतं: मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, आईकडूनच येतात. ते खरं आहे. ‘म्हणून आजारही तिचाच’ हे मात्र बहुतेकदा चूक.

दीडएक अब्ज वर्षांहून जुनी गोष्ट. एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला; त्यातूनच मायटोकॉन्ड्रिया आले. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली हे मांडलं. त्याआधी अनेक नियतकालिकांनी त्यांचा लेख परत धाडला होता. पण म्हणून ‘आपल्या पेशींत जिवाणू नांदतात’ असं म्हणणं अर्धवट ठरतं. त्या जिवाणूची बरीच जनुकं कायमची गेली, बरीच पेशीकेंद्रकात जाऊन बसली. रेक्लिनोमोनास या एकपेशीय जीवाच्या मायटोकॉन्ड्रियात अजून 97 जनुकं टिकून आहेत. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात फक्त 37, त्यांतली प्रथिनांची अवघी 13. बाकी हजारावर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांच्या हुकमावर बाहेर बनतात आणि आत येतात. भिवंडीत जॉबवर माग चालवणाऱ्याला हे सांगायला नको: माग आपला, सूत व्यापाऱ्याचं.

केंद्रकातली जनुकं आई-बाप दोघांची. ली सिंड्रोम हा लहान मुलांच्या मेंदूचा गंभीर आजार घ्या. त्याचं एक ठळक कारण असलेलं सर्फ-1 हे जनुक केंद्रकातलं. आई-बाप दोघे वाहक, दोघेही ठणठणीत. तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. अशा घरात सुनेला बोल लावणं हा निव्वळ अडाणीपणा, मग लावणारा कितीही शिकलेला असो.

मायटोकॉन्ड्रियात एवढा बदल झाला म्हणजे त्यांचं जिवाणूपण पुसलं गेलं, असंही नाही. टीबीसाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, घाव घालतं. ते एरवीही कानांना जपूनच द्यावं लागतं. पण काही जणांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएत 1555 क्रमांकाच्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ असतो. त्या एका अक्षराने मायटोकॉन्ड्रियातला रायबोसोम जिवाणूच्या रायबोसोमसारखा होतो, औषध तिथेही चिकटतं आणि नेहमीच्या डोसानेही कान जाऊ शकतात. जेंटामायसिन, अमिकासिन त्याच जातीची.

हा बदल मात्र खरोखर आईच्या वंशातून येतो. मामाला किंवा मावशीला अशा इंजेक्शनानंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. मावशीच्या मुलांनीही घालावं; मामाच्या मुलांना तो मामाकडून मिळत नाही.