बावीस अक्षरांचा अंकुश

ज्यानें घराचें रक्षण करावें त्यानेंच घरावर उलटावें, याहून मोठा अनर्थ कोणता? कुंपणानेंच शेत खाल्लें, असें आपण अशा वेळीं म्हणतों. मनुष्याच्या देहांतहि हा प्रकार घडतो. रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशीं लढण्याकरितां असतात, त्यांपैकीं कांहीं मेंदूंत व पृष्ठरज्जूंत शिरतात आणि मज्जातंतूंवरील मायलिन नांवाच्या वेष्टणावर हल्ला करतात. विजेच्या तारेवरील रबर निघालें म्हणजे प्रवाहाची जी गत होते, तीच मग मेंदूच्या आज्ञांची होते. एका डोळ्यानें अंधुक दिसूं लागतें, हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, आणि थकवा तर असा येतो कीं विश्रांतीनेंहि उतरत नाहीं. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयाचे डॉक्टर शार्को यांनीं १८६८ सालीं या विकाराचें सुसंगत वर्णन केलें. त्याचें आजचें नांव मल्टिपल स्क्लेरोसिस. बहुधा वीस ते चाळीस या ऐन कर्तेपणाच्या वयांत तो प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटी-तिपटीनें आढळतो.

याचें कारण एकच नाहीं. आनुवंशिक कल, एपस्टीन-बार नांवाच्या विषाणूचा पूर्वीं झालेला संसर्ग, धूम्रपान, ड-जीवनसत्त्वाची उणीव, अशीं अनेक कारणें एकत्र येतात. परंतु रक्षकाच्या हातांतील शस्त्र आवरणारा अंकुश कोणता, हा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तराचा एक धागा अगदीं अनपेक्षित जागीं सांपडला.

जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीची वाढ कशी होते, याचा अभ्यास अमेरिकेंत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन हे दोघे संशोधक करीत होते. १९९३ सालीं त्यांना असें आढळून आलें कीं, या कृमीचें एक जनुक कोणतेंहि प्रथिन बनवीत नाहीं. त्यापासून निघतो तो अवघ्या २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. आणि तो दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशास चिकटून त्याचें काम थांबवितो. हें त्या कृमीचेंच वैचित्र्य असावें, असा पुष्कळांचा समज झाला. परंतु २००० सालीं तशाच प्रकारचा दुसरा तुकडा मनुष्यासह अनेक प्राण्यांत असल्याचें रव्हकुन यांनीं दाखविलें. या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. या शोधाबद्दल दोघांस २०२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

वाचकहो, यांतील मर्म संस्कृत व्याकरण शिकलेल्यांस चटकन उमगेल. पाणिनीच्या मतें ‘लोप’ म्हणजे नाश नव्हे, केवळ अदर्शन. येथेंहि तसेंच आहे. डीएनए ही मूळ पोथी अबाधित राहते. तिच्यांतून उतरून घेतलेल्या आज्ञेचा उच्चार मात्र मायक्रोआरएनए होऊं देत नाहीं.

आतां प्रस्तुत विकाराकडे वळूं. दाह वाढविणाऱ्या ‘टीएच-१७’ या रक्षक पेशींवर ‘ईटीएस-१’ नांवाच्या प्रथिनाचा वचक असतो. शांघाय येथील संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, मायक्रोआरएनए-३२६ हा या वचक ठेवणाऱ्याचेंच तोंड बंद करतो, आणि त्या दांडग्या पेशी माजतात. या विकारासारखा आजार मुद्दाम उत्पन्न केलेल्या उंदरांत हा तुकडा दाबला असतां आजार सौम्य झाला. वाढविला असतां बळावला. मायक्रोआरएनए-१५५ हाहि दाह पेटविणारा आहे. उलट १४६-अ हा दाह आवरतो, आणि २१९ हा मायलिन तयार करणाऱ्या पेशींना परिपक्व होण्यास साहाय्य करतो.

तर मग १५५ बंद करावा आणि २१९ द्यावा, म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पण गोष्ट इतकी सोपी नाहीं. एकेक तुकडा अनेक आज्ञांवर अंमल चालवितो. ज्या उंदरांत १५५ मुळींच नव्हता, त्यांची जंतूंशीं लढण्याची शक्तीहि लुळी पडली. म्हणून या तुकड्यांच्या मोजमापावरून निदान करण्याची किंवा त्यांच्या द्वारें हा विकार बरा करण्याची रूढ पद्धति आज नाहीं. कोणी तसें आश्वासन देऊन पैसे मागूं लागल्यास सावध राहावें. निदान मज्जातंतुतज्ज्ञानेंच करावें. त्यास एमआरआय व प्रसंगीं पाठीच्या कण्यांतील द्रवाची परीक्षा यांचें साहाय्य होतें. विकाराचे झटके कमी करणारीं औषधें आज उपलब्ध आहेत, आणि तीं लवकर सुरू केलेलीं बरीं.

एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्या वडीलधाऱ्यांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. घरांतील तरुण सून वा मुलगी ‘डोळ्यांपुढें धूसर दिसतें, पाय जड झाले’ असें म्हणाली, तर कामाचा कंटाळा म्हणून तिची संभावना करूं नये. वरून धडधाकट दिसणाऱ्या देहांतहि हा विकार असूं शकतो. तो संसर्गानें पसरत नाहीं. वैद्यकीय सल्ल्यानें औषधांची योजना केल्यास अशा स्त्रिया सुखरूप माताहि होतात. आपल्या देशाच्या २०१६ सालच्या दिव्यांगजन हक्क कायद्यांतहि या विकाराचा समावेश आहे. शास्त्रज्ञ पेशींतील अंकुशाचा शोध घेत आहेत. आपल्या जिभेवरील अंकुश मात्र आपल्याच हातीं आहे.