‘हम लोग’ला टीपा हव्यात

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांवर दर दिवाळीत काही ना काही छापून येतं. कलाकारांची नावं येतात, शीर्षकगीत येतं, मालिकेच्या वेळी ओस पडणारे रस्ते येतात. त्या मालिकांतली माणसं बोलता बोलता कशाकशाकडे बोट दाखवत होती, हे मात्र कुठेच येत नाही. एखादा जुना सिनेमा, नुकताच जिंकलेला क्रिकेटचा सामना, लग्नघरातली एखादी रीत, त्या वर्षी दुकानात आलेलं एखादं पाकीट हे सगळं तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं, म्हणून कोणी लिहून ठेवलं नाही. आज चाळीस वर्षांनी ते कोणाला कळत नाही, म्हणून कोणी लिहीत नाही. माझं म्हणणं असं की हसवत रडवणाऱ्या घरगुती मालिकेतला संदर्भ ही वरून भुरभुरलेली कोथिंबीर नसते. मालिका कोणाला आपल्यातलं मानते आणि कोणाला दाराबाहेर ठेवते, ते त्या संदर्भावरूनच कळतं. पोथीला असतात तशा टीपा या मालिकांना हव्यात, आणि सुरुवात दिल्लीत घडलेल्या मालिकांपासून व्हायला हवी, कारण अख्ख्या देशाला एकाच वेळी ‘आपण’ म्हणण्याचा प्रयोग पहिल्यांदा तिथे झाला.

तो प्रयोग म्हणजे ‘हम लोग’. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५, दीडशेहून अधिक भाग. कल्पनेचं मूळ एका मराठी माणसाच्या प्रवासात आहे: माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२मध्ये मेक्सिकोला गेले होते, आणि तिथे मिगेल साबिदो यांनी कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार करून दाखवला होता. इकडे सुरुवातीच्या तेरा भागांत तो प्रचार इतका ठासून भरला की प्रेक्षक कंटाळले. मग लेखक मनोहर श्याम जोशी यांनी माणसांना माणसांसारखं बोलू दिलं आणि मालिका उभी राहिली. एवढा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. टीप लागते ती थेट नावापासून. १९५१मध्ये झिया सरहदींचा ‘हम लोग’ नावाचाच सिनेमा येऊन गेला होता. त्यात बलराज साहनी, नूतन आणि आपल्या दुर्गा खोटे होत्या, आणि गोष्ट होती पैशापैशाला महाग झालेल्या शहरी कुटुंबाची. तेव्हा तिशीत असलेला प्रेक्षक १९८४मध्ये साठी ओलांडून गेला होता. टीव्हीवर ते दोन शब्द वाचताना स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली तंगी त्याच्या मनात जागी होण्यासारखी होती. तेहेतीस वर्षांनी तेच नाव, तसंच घर आणि तशीच ओढाताण. ज्याला हे माहीत नाही त्याला ‘हम लोग’ हे साधं, जवळचं नाव वाटेल. ज्याला माहीत आहे त्याला ती एक लांबलेली तक्रार वाटेल.

आता अशोककुमारांकडे येतो, कारण या विषयात सगळ्यात समृद्ध जागा तीच आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी ते पडद्यावर येत, घडलेल्या प्रसंगावर दोन शब्द बोलत आणि निरोप घेत. प्रेक्षकांकडून जी सुमारे ४ लाख पत्रं आली, त्यांमागे या निरोपाचा वाटा मोठा होता. अभ्यासकांनी त्यांना ‘सूत्रधार’ म्हणून एका शब्दात निकालात काढलं. पण टीव्ही घरात एकच होता आणि त्याच्यासमोर तीन पिढ्या बसत होत्या. आजोबांना दिसत होता १९४३च्या ‘किस्मत’मधला सिगारेट ओढणारा पाकीटमार, जो सिनेमा कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. आईवडिलांना दिसत होता १९५८च्या ‘चलती का नाम गाडी’तला थोरला भाऊ. मुलांना ओळखीचा होता तो ‘आशीर्वाद’मधला, तालावर शब्द नाचवणारा म्हातारा. एका चेहऱ्यात तीन माणसं होती, आणि प्रत्येकजण आपापल्या माणसाचं ऐकत होता. मालिकेतल्या दारुड्या बापाला, बसेसर रामला समज देणारा हा माणूस कधीकाळी पडद्यावरचा चोर होता, हे आजोबा विसरले नव्हते. म्हणूनच त्याचा उपदेश त्यांना टोचत नव्हता. वाया गेलेला माणूस माघारी येऊ शकतो, याचा पुरावाच समोर बसून बोलत होता. शिवाय मालिकेचं संगीत अनिल विश्वास यांचं. ‘किस्मत’चं संगीतही त्यांचंच! १९६३मध्ये ते मुंबई सोडून आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी दिल्लीत आले आणि तिथेच राहिले. म्हणजे एकेचाळीस वर्षांपूर्वीची नट आणि संगीतकाराची जोडी दिल्लीच्या एका मालिकेत पुन्हा एकत्र आली होती, आणि ही गोष्ट एका वाक्याच्या टीपेतही कोणी नोंदवली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच अशोककुमारांच्या तोंडचं ‘छन्न पकैया’. मराठी वाचकाला हे दोन शब्द नुसते नादमधुर वाटतात. उत्तरेकडे लग्नात नवरामुलगा मेव्हण्यांच्या गराड्यात सापडला की त्या त्याला यमक जुळवून छंद म्हणायला लावतात, आणि त्याची सुरुवात या शब्दांनी होते. आपल्या उखाण्याचा हा भाऊच, फक्त इथे अडवला जातो तो नवरा. सत्तरी ओलांडलेला माणूस कुटुंबातल्या भांडणावर बोलायला येतो आणि बोलतो ते नवरदेवाच्या लडिवाळ भाषेत, म्हणजे तो देशातल्या प्रत्येक घराचा जावई होऊन उभा राहतो. जावयाचं घरात कौतुक होतं, त्याची चेष्टा होते आणि त्याचं ऐकलंही जातं. पंतोजीचं असं होत नाही. सरकारी प्रचाराला घरात घेणारी ही युक्ती होती, आणि ती समजायला लग्नातली ती रीत माहीत असावी लागते.

पात्रांकडे पाहिलं तरी तेच. धाकटा नन्हे क्रिकेटपटू व्हायची स्वप्नं पाहतो. आजच्या मुलाला यात विशेष काय, असं वाटेल. पण रणजी करंडक सलग पंधरा वर्षं मुंबईकडे होता, १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत. दिल्लीच्या निम्नमध्यमवर्गीय मुलाला हे स्वप्न पडायला दिल्लीने १९७८-७९, १९७९-८० आणि १९८१-८२ अशी तीन वर्षं करंडक जिंकावा लागला, आणि २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मदनलाल, मोहिंदर अमरनाथ, कीर्ती आझाद ही दिल्लीकडून खेळणारी मंडळी उभी राहावी लागली. नन्हेचं वेड एका वर्षापूर्वीच्या बातमीतून आलेलं आहे. त्याची बहीण मझली हिचं सिनेमाचं वेड त्याहून जुनं, ते तिला दिल्लीतून मुंबईला नेतं आणि पस्तावायला लावतं. आणि या दोघांच्या मधे जाहिरात येते ती नव्यानेच बाजारात आलेल्या मॅगीची, कारण प्रायोजक तेच. दोन मिनिटांत जेवण तयार असं सांगणारी जाहिरात आणि दिवसभर चुलीपुढे राबणारी त्यांची आई भगवंती एकाच अर्ध्या तासात दिसत होत्या. ही जाहिरात मालिकेबाहेरची म्हणून सोडून देणारा संपादक मला अपुरा वाटेल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की विनोद समजावला की मरतो. हे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे, आणि ते चूक आहे असं माझं ठाम मत आहे. हसू गेलेलं असतं ते टीपेच्या आधीच. संदर्भ विसरला गेला त्या दिवशीच. टीप ते परत आणत नाही, पण लोक कुठे आणि का हसले हे सांगते. कालिदासाचा श्लोक टीकाकार मल्लिनाथाने मारला असं कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लेखकाच्या मनात हे सगळं होतं कशावरून? १९५१चा सिनेमा जोशींनी मनात धरला होता, असा माझा दावा नाही. पण मालिका लेखकाच्या मनात संपत नाही. नाव, चेहरा, चाल, जाहिरात हे सगळं प्रेक्षकापर्यंत जे घेऊन पोचतं, तेही मालिकेचंच. शिवाय ‘साप्ताहिक हिंदुस्तान’ संपादित करणारा, ‘कुरु कुरु स्वाहा’सारखी मुंबईच्या बोलींनी गजबजलेली कादंबरी १९८०मध्ये लिहिणारा हा माणूस शब्दाचा इतिहास न जाणता शब्द वापरेल, हे मानायला मी तयार नाही.

त्यांची ‘कक्काजी कहिन’ याची साक्ष देते. ‘नेताजी कहिन’ या त्यांच्या सदरावरून १९८८मध्ये बासू चॅटर्जींनी ती केली, ओम पुरी कक्काजी झाले. ‘कहिन’ म्हणजे ‘म्हणाले’, आणि हे अवधी आहे, तुलसीदासांची बोली. संतवचनासारखं मांडलेलं ‘म्हणाले’ दिल्लीत कामं करून देणाऱ्या पुढाऱ्यापुढे लावलं आहे. आपल्याकडे एखाद्या दलालाच्या बोलण्याला ‘तुका म्हणे’चा साज चढवला तर अंगावर जो काटा येईल, तो त्या नावात आहे. जोशींचीच ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ पुढच्याच वर्षी आली आणि नायकाचं नाव हिंदीत म्हणीसारखं रुळलं. आज राजकीय भाषणात ते ऐकणाऱ्या अनेकांना मूळ मालिका माहीत नसते. उपग्रहवाहिन्यांच्या पहिल्या दशकातल्या विनोदी मालिकांत मला टिपण्यासारखं फार सापडत नाही. त्यांचे संदर्भ सिनेमाच्या गाण्यांपलीकडे क्वचित जातात. अपवाद २००१च्या ‘ऑफिस ऑफिस’चा. तिचे संदर्भ खिडकी, शिक्का, चहापाणी आणि ‘उद्या या’ यांत आहेत, आणि सरकारी कामं मोबाइलवर गेली की पुढच्या पिढीला तिच्या नायकाच्या, मुसद्दीलालच्या चपला का झिजल्या हेसुद्धा समजावून सांगावं लागेल.

आज संदर्भ उलगडून दाखवण्याचा धंदा जोरात आहे. वेबमालिका रात्री येते आणि सकाळपर्यंत तिच्यातले वीस-पंचवीस संदर्भ शोधून दाखवणारे व्हिडिओ हजर होतात. हा संवाद अमक्या सिनेमातला, हा शर्ट तमक्या नायकाचा. ओळख पटली की काम संपलं. तो संवाद कोणाच्या तोंडी घातला, का घातला आणि कोणाला तो कळणार नाही, हे विचारायला कोणी थांबत नाही. मालिका लिहिणारेही आता या शिकाऱ्यांसाठी लिहू लागले आहेत, म्हणून संदर्भ फक्त सिनेमाचा किंवा गेल्या महिन्यात मोबाइलवर फिरलेल्या चित्राचा असतो. लग्नातल्या रीतीचा, रणजीचा, किराणा दुकानाचा नसतो. उपशीर्षकांची गत त्याहून वाईट. बोलीतला शब्द, नटाचं नाव, मिठाईचं नाव आलं की ते गाळून गुळगुळीत वाक्य खाली येतं आणि परप्रांतातल्या प्रेक्षकाला आपण काही गमावलं याचा पत्ताही लागत नाही. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, ‘डीडी रेट्रो’ वाहिनी सुरू केली, हे चांगलंच झालं. पण दाखवलं ते जसंच्या तसं. ‘बुनियाद’मधलं लाहोर कोणतं, हे नव्या प्रेक्षकाला कोणी सांगितलं नाही.

हे काम कसं करायचं, याचा धडा मराठीला बाहेरून घ्यावा लागत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून. पुढे महानुभावांनी ‘स्थानपोथी’ केली: स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला बसले होते, याची नोंद. भक्ताला त्यात काही क्षुल्लक वाटलं नाही. ‘हम लोग’मधली बरीच मंडळी दिल्लीच्या रंगभूमीवरून आली होती; दादी झालेल्या सुषमा सेठ ‘यात्रिक’ या तिथल्या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी. दिल्लीतल्या मंडी हाउसच्या चौकात दूरदर्शनचं मुख्यालय आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत. त्या पिढीतल्या नटांना, कॅमेरा धरणाऱ्यांना, पत्रं फोडून वाचणाऱ्यांना आता गाठायला हवं. आणि तितक्याच तातडीने गाठायला हवं त्या प्रेक्षकांना, जे १९८४मध्ये करोलबागेच्या एखाद्या खोलीत आजोबांच्या मांडीशी बसून अशोककुमारांना पाहत होते. कोणत्या शब्दाला आजोबा हसले आणि आपण का हसलो नाही, हे सांगणारे आता तेच उरले आहेत.