दार, सवणं आणि सरकती काच

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. शहराचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडा पुढे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, एकदा मेमध्ये आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मधल्या काळात तो माध्यान्हीला चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची खिडकी दुपारी सावलीत राहते आणि घर भाजून काढतात ती पूर्व-पश्चिमेची तिरपी उन्हं. गृहसंकुलांच्या जाहिरातीत आता भिंतभर काच दाखवतात. ती कुठल्या दिशेला आहे, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं.

या भागातल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराला रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नसेच. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, खाली दगड, वर पांढरी माती. मधे एक दार. दारातून आत गेलं की ढेळज, तिथे बसाउठायची जागा. मग चौक, चौकाभोवती सोपा आणि त्याच्या मागे माजघर. घराच्या खोल्या आकाशाला उघड्या चौकाकडे तोंड करून असत आणि रस्त्याला पाठ. चोरादरोडेखोरांची भीती हे एक कारण सगळेच सांगतात. पण उन्हाचं कारण तितकंच खरं आहे. जाड मातीची भिंत दिवसभराची उष्णता धरून ठेवते आणि आत उशिरा सोडते. त्या भिंतीला दुपारी भोक ठेवलं, तर तिचा सगळा उपयोग वाया जातो. म्हणून दिवसा घर मिटलेलं आणि रात्री माणसं चौकात किंवा माळवदावर, असा बेत असे.

मग माजघरात उजेड कुठून येई? वरून. माळवदाला वीत-दीड वीत रुंदीचं भोक ठेवलेलं असे, त्याला सवणं म्हणतात. त्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडे. तो सरकत कुठवर आला यावरून बायका वेळ ओळखत. चुलीचा धूरही तिथूनच जाई, कारण तापलेली हवा वर चढते आणि छतातलं भोक हा तिचा सगळ्यात जवळचा रस्ता. पाऊस आला की माळवदावर जाऊन सवण्यावर फरशी किंवा पत्रा सरकवायचा, पाणी पन्हाळीतून खाली. खिडकीची कामं तीन: उजेड आत घेणं, हवा खेळवणं आणि बाहेर पाहणं. माळवदाच्या घराने पहिली दोन छताला आणि चौकाला देऊन टाकली होती. तिसऱ्यासाठी ढेळजेचं दार होतंच. भिंतीत ज्या लहान खिडक्या असत त्या उंचावर, लाकडी गजांच्या, आणि आतून झडप लावायची सोय असलेल्या. तावदान नाही, कारण काच खेड्यापाड्यात पोचायला बराच काळ जायचा होता.

सगळी कारागिरी, सगळा पैसा खर्च होई तो दारावर. ऐपत असेल तर सागवान, नसेल तर बाभूळ. चौकटीला खाली उंबरा, दोन बाजूंना दोन बाह्या आणि वर गणेशपट्टी. उंबरा आणि गणेशपट्टी ही आडवी लाकडं बाह्यांच्या पलीकडे वीतभर बाहेर काढून भिंतीत चिणत. भिंत चढत गेली की तिच्याच वजनाने चौकट धरली जाई. आज त्या जागी लोखंडी होल्डफास्ट असतात. सिमेंट कच्चं पडलं, की दार आपटून आपटून चौकट हलायला लागते. जुन्या दाराला बिजागरीही नसे. झडपेच्या एका कडेचं लाकूड वर-खाली थोडं लांब ठेवून त्याची टोकं गोल तासत. वरचं टोक चौकटीमागच्या लाकडाच्या भोकात, खालचं उंबऱ्यामागच्या दगडाच्या खळग्यात. सगळं वजन दगडावर. बिजागरीचे खिळे सैल होऊन झडप खाली बसते, ती तक्रार इथे उद्भवत नाही. फक्त वर्षा-दोन वर्षांनी खळग्यात तेल सोडायचं. नाहीतर दार असं कुरकुरतं की रात्री उशिरा येणाऱ्याची चोरी लगेच उघडी पडते.

दोन झडपा मिटल्या की मधली फट झाकायला एका झडपेला उभी पट्टी. बाहेरून कडी-कोयंडा, आतून अडसर. अडसराची रचना मला सगळ्यात हुशार वाटते. दाराच्या एका बाजूच्या भिंतीत खोल बोगदा, त्यात चौकोनी वासा पूर्ण सरकून बसतो. समोरच्या भिंतीत हातभर खोबण. रात्री वासा ओढून खोबणीत घातला, की बाहेरून धडका मारणाऱ्याला दार नव्हे, भिंत फोडावी लागते. मोठ्या वाड्याच्या दरवाजात दिंडी असते, म्हणजे मोठ्या झडपेतली छोटी झडप. रोजचं येणंजाणं तिच्यातून, वाकून, एकेकाने. हत्ती-घोडे, बैलगाड्या, वराती यांच्यासाठीच पूर्ण दरवाजा उघडे. गावालाही असंच दार होतं. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस, कुंभार वेस ही सोलापुरातली नावं आज रिक्षा थांबवायला वापरली जातात, पण शहराला तटबंदी आणि वेशी होत्या याची ती सरळ नोंद आहे.

देवळांत हेच भाग दगडात दिसतात. द्वारशाखा म्हणजे कोरलेल्या बाह्या, वरच्या पट्टीच्या मधोमध ललाटबिंब, खाली उंबऱ्यापुढे चंद्रशिला. भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलला, दक्षिण सोलापूर तालुक्यात, शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो एका तुळईवर आहे. जुन्या मराठीचा एवढा मोलाचा पुरावा छताचं वजन पेलणाऱ्या दगडावर सापडावा, हे मला आवडतं. आणि उंबऱ्याचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर टाळता येत नाही. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी नामदेव पायरी, समोर बाहेर चोखोबांची समाधी. त्या दारातून आत कोणी जायचं या प्रश्नावर मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते दार अस्पृश्यांना खुलं झालं. दाराचा लाकूडकामाशी असलेला संबंध तिथे संपतो.

माळवदावरचा विश्वास उडाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला. किल्लारी सोलापूरपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेत गेली. माळवदावर दीड-दोन फूट मातीचा थर, दर चौरस मीटरला साधारण पाऊण टन. खाली गोल दगड मातीत रचलेल्या भिंती, ज्यांचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते. धक्का बसला तशा त्या फुगून सुटल्या आणि वरचं ओझं खाली आलं. उन्हापासून राखणारी मातीच जीव घेणारी ठरली. त्यानंतर भूकंपरोधक बांधकामाचे जे नियम गावोगाव पोचले, त्यात दारं-खिडक्यांना मोठी जागा होती. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून नको, दोन उघड्या जागांमध्ये पुरेशी भिंत हवी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोवती अखंड फिरणारी सळईची काँक्रीट पट्टी, लिंटेल बँड. पूर्वीची गणेशपट्टी फक्त आपल्या दारापुरतं वजन पेलायची. ही पट्टी चारही भिंती बांधून ठेवते. हा बदल चांगलाच झाला. पण सिमेंटच्या पातळ स्लॅबखालचं घर मेमध्ये कसं तापतं ते सांगायला नको. शिवाय स्लॅबला सवणं ठेवायची चाल राहिली नाही.

शहरात वेगळाच उजेड आला होता तो गिरण्यांचा. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. मागांच्या शेडला करवतीच्या दातांसारखं छप्पर, प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेला. सरळ ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा, म्हणजे सुताचा तुटका धागा दिसतो. हा नमुना इंग्लंडचा. तिथे सूर्य कधी माध्यान्हीला उत्तरेला जात नाही. इथे मे ते जुलै जातो. तरीही तेव्हा तो इतका उंच असतो की उभ्या काचेतून फारसा आत उतरत नाही. पुढे शहराच्या पूर्व भागात घरोघर यंत्रमाग आले. तिथे खिडकीचं भांडण उलटं आहे. उघडावी तर कोरड्या वाऱ्याने सूत तुटतं, मिटावी तर माणूस गुदमरतो. उजेडाबरोबर इमारतींचं तोंडही बदललं. अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन, आजचं महानगरपालिकेचं मुख्यालय, हे सोलापूरच्या इमारतींनी रस्त्याकडे पाठ करणं सोडून तोंड केल्याचं ठळक उदाहरण.

आता बाजारात चौकट ग्रॅनाइटची, दार फ्लश डोअर, खिडकी अॅल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची सरकती. वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, धूळ कमी येते. हे फायदे खरे आहेत. पण दोन रुळांची सरकती खिडकी कधीही अर्ध्याहून जास्त उघडत नाही, एक काच दुसरीमागे उभीच राहते. चार बाय चारची खिडकी घेणाऱ्याला हवा दोन बाय चारची मिळते. जुन्या पद्धतीची दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडे, आणि वरचा व्हेंटिलेटर वेगळा. तापलेली हवा छताशी साचते, तिला बाहेर जायला तोच रस्ता होता. पंखे आले आणि खोल्यांची उंची कमी झाली तसा तो आधी गेला. आता लहान घरांकडे पाहू. सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. तिथेच रे नगर या दुसऱ्या वसाहतीची पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. अशा वसाहतीतल्या लहान घरात विड्या वळणारी बाई उजेडासाठी दाराशी सूप घेऊन बसते, म्हणजे दार हीच तिची खिडकी.

नवं घर बांधणाऱ्याने छज्ज्याचा हिशोब तरी करावा. दोन फुटांचा छज्जा दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला मार्चच्या माध्यान्ही पूर्ण सावली देतो. डिसेंबरात खालच्या भागात ऊन येऊ देतो, ते तेव्हा हवंच असतं. तोच छज्जा पश्चिमेला मेमध्ये साडेचार वाजता जेमतेम सव्वा फूट झाकतो, उरलेल्या पावणेतीन फुटांवर ऊन. पाच वाजता त्याहून कमी. आतून जाड पडदा लावून भागत नाही, कारण काच ओलांडलेली उष्णता खोलीतच राहते. आडोसा बाहेरून हवा: तिरप्या पट्ट्यांची झडप, वाळ्याचा पडदा, निदान बांबूची चिक. आणि खिडकीचं माप देताना वरचा फूटभर भाग वेगळा, उघडता सांगावा. सरकत्या सेक्शनच्या ठरलेल्या मापात तो बसत नाही म्हणून फॅब्रिकेटर थोडा कुरकुरतो, दर वाढवतो, आणि मग करून देतो.